सेव्हन मारून द्या

विंडोज ८ आलं, त्यानंतरच्या वर्षभरात रहिमतपुरात ज्यानं ज्यानं नवा लॅपटॉप घेतला, त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा. इंटरनेट कसं लावायचं, मराठी कसं लिहायचं, हे सगळं नंतर. आधी, "मॅडम, ह्यो बंद कसा करायचा?"

विचारणारे नवखे नव्हते. पतसंस्थेत दिवसभर संगणकावर बसणारे होते, जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले होते. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ज्यांनी न चुकता संगणक बंद केला होता, अशी माणसं. आता त्यांच्यासमोर रंगीत चौकोनांनी भरलेला पडदा होता आणि बंद करायचं बटण कुठंच दिसत नव्हतं. बटण होतं, पण माउस उजव्या कडेच्या कोपऱ्यात नेऊन क्षणभर थांबायचं, मग बाजूनं एक पट्टी सरकत यायची, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर आणि त्यात शट डाऊन. कोपऱ्यात काही दडवून ठेवलंय हे ज्याला ठाऊकच नाही, तो तिथं माउस नेईल कशाला? बरेच जण लॅपटॉपचं झाकण मिटायचे आणि तसंच ठेवून द्यायचे.

मी तेव्हा गावात संगणकाचा क्लास चालवत होते. त्या प्रश्नामागं काय होतं, ते समजायला त्याच्या दहा वर्षं आधीचा क्लास डोळ्यांसमोर आणावा लागेल.

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, २००१ साली सुरू झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचं नाव पाहता पाहता गावोगाव पोचलं. कोरेगाव तालुक्यातलं आमचं रहिमतपूर नगरपालिकेचं जुनं गाव, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं स्टेशन. आसपासच्या गावांचा बाजार इथं, हायस्कूल इथं, मग क्लासही इथंच. धामणेर, वाठार किरोली, तारगाव अशा गावांतून मुलं-मुली एसटीनं, सायकलीनं यायची. चपला बाहेर काढायच्या. मॉनिटर पोटाला फुगीर, त्याच्यावर कापडी कव्हर. माउसच्या पोटात गोळी, ती काढून धूळ खरवडायची. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं आणि बॅचच्या वेळा त्याच्यावर ठरायच्या. यूपीएस ओरडायला लागला की सगळ्या क्लासभर एकच गलका, "सेव्ह करा, सेव्ह करा!"

सरकारी नोकरीत हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं, वेतनवाढ त्याच्यावर अडायला लागली, तशी पन्नाशीतली माणसंही येऊ लागली. एका बॅचला एक गुरुजी होते आणि त्यांच्या शेजारच्या संगणकावर त्यांचीच चौथीतली जुनी विद्यार्थिनी, आता बारावी झालेली. पहिल्या दिवशी गुरुजींचा हात माउसवर थरथरत होता. बाण पडद्याच्या कडेला गेला की ते माउसही टेबलाच्या कडेपर्यंत नेत आणि तिथं अडकून बसत. ती मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, उचला आणि परत मधी ठेवा." गुरुजींनी माउस उचलला, मधे ठेवला, बाण जागचा हलला नाही हे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. आठ दिवसांत ते पत्ते लावायला लागले.

पत्त्यांवरून एक सांगायलाच हवं. सॉलिटेअर हा खेळ १९९० सालच्या विंडोज ३.० पासून संगणकात येत होता. क्लिक करणं, धरून ओढणं, सोडणं हे हाताला त्यानं जितकं लवकर बसायचं, तितकं दुसऱ्या कशानं बसत नसे. पण आमच्याकडं पत्ते म्हणजे वाया गेलेल्यांचं काम. एका मुलीचे वडील फी भरायला आले आणि पोरीच्या पडद्यावर बदाम-इस्पिक बघून दारातच थबकले. त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्याच हातात माउस दिला, तेव्हा कुठं पटलं.

त्या काळातली खरी संपत्ती म्हणजे वह्या. शंभर पानी, रेघांची वही आणि तिच्यात बाणांनी जोडलेले शब्द. स्टार्ट, बाण, प्रोग्राम्स, बाण, ॲक्सेसरीज, बाण, पेंट. फाईल, बाण, पेज सेटअप, बाण, मार्जिन्स. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेले, कारण उच्चार डोक्यात राहिला की पडद्यावरचं स्पेलिंग आपोआप ओळखू यायचं. काही मुली शेजारी आकृती काढायच्या: एक चौकोन, खाली पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला छोटा आयत आणि त्यात चार तुकड्यांची खिडकी. थोरलीची वही धाकटी वापरायची. एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या गावात त्या वह्या फिरल्या आणि पुष्कळ वर्षं त्यातला एक शब्दही खोटा ठरला नाही.

तो खोटा का ठरला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं, तेव्हा स्टार्ट डाव्या हाताला खाली बसलं. त्यानंतर ९८ आलं, मिलेनियम आलं, २००१ च्या ऑक्टोबरात एक्सपी आलं, मग व्हिस्टा, मग २००९ साली विंडोज ७. रंग बदलले, बटण चौकोनी होतं ते गोल झालं, पण जागा तीच राहिली. सतरा वर्षं. आणि एक्सपीचा निळा-हिरवा साज ज्यांना रुचला नाही, त्यांच्यासाठी आत जुना करडा रंगही ठेवलेला होता. क्लासिक म्हणून. आमच्या पतसंस्थांमधले निम्मे संगणक तसेच करडे असायचे. एक कॅशिअर म्हणाले होते, "निळ्यात आकडा नीट दिसत न्हाई." त्यांना करडा हवा होता आणि तो मिळत होता. एवढ्यावर तो विषय संपला.

त्या एक्सपीचं हिरव्या टेकडीचं चित्र मात्र सगळ्यांना आवडलं. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात टिपलेलं ते दृश्य. आमच्याकडं पहिल्या पावसानंतर माळ हिरवा झाला की मुलं म्हणायची, "मॅडम, एक्सपी झालंय बघा." जगात कुठंही जा, संगणक सुरू केला की ती टेकडी. पुण्याच्या ऑफिसात तीच, साताऱ्याच्या बँकेत तीच, रहिमतपूरच्या क्लासात तीच.

सगळीकडं एकच पडदा, यातच त्या काळाचं मोठं बळ होतं. आठवडी बाजारात भाजीवालीच्या डोक्यावर पाटी नसते. मेथी कुणाकडं आणि सुकी मासळी कुठल्या ओळीत हे गिऱ्हाइकाला जागेवरून माहीत असतं. पडद्याचंही तसंच होतं. आमच्या माणसांचं संगणकाचं ज्ञान हे जागेचं ज्ञान होतं, आणि म्हणूनच ते तोंडी पसरलं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवरून वडलांना सांगायचा, "आण्णा, खाली डाव्या हाताला बघा. स्टार्ट दिसतंय? त्याच्यावर एकदा दाबा. आता वरच्या बाजूला माय डॉक्युमेंट्स." पलीकडं काय दिसत असेल, हे त्याला पडदा न बघता ठाऊक असायचं. फौजेतला एखादा जवान सीमेवरून बायकोला तिकिटाचा कागद छापायला सांगायचा, तोही असाच. प्रत्येक आळीत एक जाणता असायचा, कुणाचा भाचा, कुणाची सून, कुठल्या संस्थेतला शिपाई. त्यांना कुणी पगार देत नव्हतं. "ती पोरगी सांगती बघ, तिला ईचार," एवढा मान त्यांना पुरायचा.

पहिला धक्का खरं तर विंडोजनं दिला नाही, ऑफिस २००७ नं दिला. वर्डमध्ये फाईल, एडिट, व्ह्यू अशी जी ओळ होती ती गेली आणि तिच्या जागी जाड पट्टी आली. पेज सेटअप फाईलमधून उठून दुसऱ्याच टॅबमध्ये जाऊन बसला. छापायची आज्ञा डाव्या कोपऱ्यातल्या एका गोल चिन्हात गेली, ते चिन्ह नुसती शोभा आहे असं सगळ्यांना वाटायचं. वह्यांतली पानं तेव्हा पहिल्यांदा खोटी ठरली. पण त्या वेळी मी एक गोष्ट पाहिली ती अजून विसरले नाही. ज्यांना कीबोर्डनं काम करायची सवय होती, त्यांचं काहीही अडलं नाही. कंट्रोल आणि पी दाबलं की छपाई, कंट्रोल आणि एस दाबलं की सेव्ह. एवढंच काय, एक्सेलमध्ये जुन्या मेनूच्या वाटेनं ऑल्ट, ई, एस दाबून पेस्ट स्पेशल करणाऱ्या हातांसाठीही ती वाट चालू ठेवलेली होती. वरचा साज सगळा नवा, आणि खाली जुना रस्ता तसाच. त्या लोकांनी एक दिवसही कुरकुर केली नाही.

विंडोज ८ च्या वेळी तसं झालं नाही. २६ ऑक्टोबर २०१२ ला ते आलं. बोटानं चालवायच्या पडद्यांचं युग आलंय, संगणक आणि टॅब्लेट एकाच घाटाचे हवेत, हा त्यामागचा विचार. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण रहिमतपुरात जे लॅपटॉप येत होते, त्यांचे पडदे बोटाला ओळखत नव्हते. स्टार्टचं बटण काढलेलं होतं, जुना करडा साज काढलेला होता, पत्त्यांचा खेळही काढलेला होता.

लोकांच्या प्रतिक्रिया माझ्या कानात आहेत. प्रेसवाले दादा म्हणाले, "मोबाईल घ्यायला गेलो न्हवतो मी." एका शिक्षिकेनं लॅपटॉप परत खोक्यात भरला आणि शाळेतल्या जुन्या संगणकावर निकालपत्रकं केली. कॉलेजच्या मुलांना रंगीत चौकोन आवडले. ती दोन दिवसांत सरावली आणि आपल्याला काय येतं ते दाखवत फिरली. सगळ्यात वाईट वाटलं ते आळीतल्या जाणत्यांचं. पतसंस्थेतला एक शिपाई होता, सातवी शिकलेला, पण अडलेल्या संगणकापाशी साहेब त्यालाच हाक मारायचे. नव्या लॅपटॉपपुढं त्याला बोलावलं, त्यानं माउस डाव्या कोपऱ्यात नेला, तिथं काही नव्हतं. तो बराच वेळ उभा राहिला आणि "बघून सांगतो सायेब" म्हणून बाहेर गेला. त्याला काही येत नव्हतं असं नाही. त्याला जे येत होतं त्याचा पत्ता बदलला होता. तो नंतर माझ्याकडं आला, शिकला, पुन्हा उभा राहिला. पण ते मधले दिवस त्याला फार जड गेले.

फोनवरून सांगणंही तुटलं. मुलाच्या ऑफिसात विंडोज ७, आण्णांच्या घरी ८. "खाली डावीकडं बघा" म्हणावं तर तिथं काहीच नाही. दोघंही चिडायचे. शिकवणारा म्हणायचा, वडलांना समजत नाही. वडील म्हणायचे, पोरगं नीट सांगत नाही. दोघांचंही बरोबर होतं, पडदा वेगळा होता.

मग गावानं आपला उपाय काढला. आमच्याकडं विंडोज घालत नाहीत, विंडोज मारतात. फॉरमॅट मारतात. साताऱ्याहून येणाऱ्या दुरुस्तीवाल्या पोराला लोक एकच वाक्य सांगायला लागले: "ह्यातलं आठ काढ आणि सेव्हन मारून दे." नवा कोरा लॅपटॉप, नवं विंडोज, आणि त्याच्यावर जुनं चढवायला वर पैसे द्यायची तयारी. हे मी अनेक घरांत पाहिलंय. शेतातल्या आल्याचे, उसाचे पैसे जपून खर्च करणारी ही माणसं. ती जुन्या पडद्यासाठी पैसे मोजायला तयार झाली, यातच त्या पडद्याची किंमत कळते.

रहिमतपूरचीच ही गोष्ट होती असं कुणी समजू नये. बाहेरच्या जगात तेव्हा हेच चाललं होतं आणि तिथले लोक आमच्यापेक्षा जास्त आवाज करत होते. हरवलेलं बटण परत आणून देणारा क्लासिक शेल नावाचा फुकट प्रोग्राम घरोघरी बसवला जात होता. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या जगात तर आधीच भडका उडाला होता. तिथं पडद्याचे साज वेगवेगळे मिळतात, त्यातला २००८ सालचा केडीई ४ लोकांना रुचला नव्हता. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, त्याच महिन्यात उबुंटूनं युनिटी हा नवा चेहरा लावला, आणि जुन्या ग्नोमवर प्रेम करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुना ग्नोम उचलला आणि माटे या नावानं जिवंत ठेवला. लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन उभा केला. युनिटीचा नाद तिच्या कर्त्यांनीच २०१७ साली सोडला. मुक्त सॉफ्टवेअरचा हा मोठेपणा मला मनापासून आवडतो. तिथं जुनं आवडणाऱ्याला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. सामान उघड्यावर असतं, ते घेऊन तो आपलं घर आपण बांधतो. आमच्या हातात तेवढं नव्हतं. आमच्या हातात सेव्हनची डीव्हीडी होती.

विंडोजच्या कंपनीलाही शेवटी लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आलं, त्यात बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा तेच चौकोन. खरा मेनू परतला तो २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० बरोबर. मधल्या काळात, ८ एप्रिल २०१४ ला, एक्सपीला असलेला कंपनीचा आधार थांबला होता. क्लासमधली हिरवी टेकडी उतरवली, त्या दिवशी मुलांनी मोबाईलवर तिचे फोटो काढून घेतले.

आता, जुनं ते सगळं चांगलं होतं असं म्हणायला मी बसलेले नाही. मराठीचं त्या काळात काय होतं, हे आठवलं की अंगावर काटा येतो. विंडोज ९८ वर मराठी लिहायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांपैकी एखादं विकत घ्यायचं, नाहीतर कुणाकडून तरी शिवाजी फॉन्ट फ्लॉपीवर आणायचा. वसंत कानेटकर रहिमतपूरचे, इथंच जन्मलेले, म्हणून सरावाला मी मुलांना त्यांच्या नाटकांची नावं द्यायचे. 'रायगडाला जेव्हा जाग येते' जमायचं. 'अश्रूंची झाली फुले' मधल्या 'श्रूं'पाशी सगळी अडकायची. कुठली कळ आधी, कुठली नंतर, रफार-रकाराचं गणित पाठ करावं लागायचं. एवढं करून फ्लॉपी दुसऱ्या संगणकात घातली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की कानेटकरांच्या नाटकाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा राडा. लग्नपत्रिकेचा मजकूर असा उकिरडा होऊन आला की प्रेसमध्ये रात्री जागून पुन्हा सगळा मजकूर बसवायचा.

एक्सपीत युनिकोड मराठीची सोय होती, पण ती झाकलेली. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज, तिथल्या एका चौकटीत खूण, मग संगणक मूळ सीडी मागायचा. ती सीडी कुणाकडंच नसायची. आज ते सगळं गेलं. कुठल्याही विंडोजवर मराठी दिसतं, इथून पाठवलेलं मुंबईत तसंच्या तसं उघडतं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणं लिहा. फोनवर तर नुसतं बोललं तरी मराठी उमटतं. ज्या आजी क्लासची पायरी कधी चढल्या नाहीत, त्या आज नातवाला दोन ओळी पाठवतात. या एका गोष्टीसाठी मी नव्या काळाची ऋणी आहे आणि राहीन.

आणि याच मराठी टायपिंगमध्ये बदल कसा करावा, याचा आपल्या घरचा नमुना आहे. आमच्या गावातल्या टायपिंगच्या क्लासात एके काळी गोदरेजच्या मशीनची खडखड रस्त्यावर ऐकू यायची. ती यंत्रं गेली, टंकलेखनाची परीक्षा संगणकावर आली. पण रेमिंग्टनची कळांची मांडणी संगणकातही ठेवली. शेजारी इनस्क्रिप्ट ठेवलं, नंतर फोनेटिक आलं. ज्या कारकुनानं तरुणपणी टाइपरायटरवर चाळीसचा वेग कमावला होता, त्याचा वेग संगणकावर पहिल्या आठवड्यात परत आला. नव्या मुलांनी इनस्क्रिप्ट शिकलं, घरच्या बायकांनी फोनेटिक धरलं. कुणाचं शिकलेलं कुणी रद्द केलं नाही. माझं मागणं एवढंच आहे. कंपन्यांनी नवं जरूर आणावं, पण लोकांनी कष्टानं कमावलेल्या सवयीला आत कुठंतरी एक खोली ठेवावी.

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं. स्टार्ट आणि बाकीची चिन्हं मधोमध आली. राइट क्लिकचा मेनू आखडला. हवी ती आज्ञा 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागं गेली. या वेळी गावात गडबड कमी झाली. एक तर, चिन्हं पुन्हा डाव्या बाजूला नेता येतात: टास्कबारवर राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेविअर्स, टास्कबार अलाइनमेंट, लेफ्ट. मी हे कितीतरी जणांना करून दिलं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली पाहिली. दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. आजच्या मुलांचा पहिला पडदा फोनचा. ती जागा लक्षात ठेवत नाहीत, शोधतात. फाईल कुठं ठेवली म्हणून विचारलं तर "सर्चला टाका की मॅडम" म्हणतात. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर, ही रचना त्यांना नव्यानं समजावावी लागते. ती त्यामुळं अडत नाहीत, नवा पडदा आला की दोन तासांत रुळतात. पण त्यांना दुसऱ्याला सांगता येत नाही. "मला येतंय, पण कसं केलं ते सांगता येत न्हाई," असं एका हुशार मुलीनं मला सांगितलं. तिच्याकडं वही नव्हती आणि वहीची गरजही नव्हती.

तिचं ते वाक्य मला लागलं. जुन्या पडद्यावर शिकलेली माणसं हळू होती, घाबरट होती, पण शिकलेलं पुढं देत होती. एकाला आलं की आळीला यायचं. आता ज्याचं त्याला येतं. सात-बारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज सगळं संगणकावर आलंय, आणि तरी सेवा केंद्रासमोर रांग आहे. त्या रांगेत असे लोक मी ओळखते, ज्यांनी एके काळी एमएस-सीआयटी चांगल्या गुणांनी पास केलंय. ते दमले आहेत. शिकलेलं दर काही वर्षांनी निकामी होतंय, हे बघून त्यांनी नाद सोडलाय. त्यांना आळशी म्हणू नये.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून गावातले कितीतरी चांगले चालणारे संगणक त्याला पात्र नाहीत. पुन्हा खरेदी होईल, पुन्हा नवा पडदा घरात येईल, आणि या वेळी सेव्हन मारून द्या म्हणायची सोय नाही. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच थांबला आहे. अशा संगणकांवर लिनक्स मिंट नीट चालतं, त्याचा मेनू जुन्या वळणाचा आहे. शाळांनी आणि ग्रंथालयांनी याचा विचार करावा, असं मी जाईन तिथं सांगते.

पुण्या-मुंबईला असलेल्या आमच्या मुलांना एक विनंती. आई-वडलांना नवा लॅपटॉप घेऊन द्याल, तेव्हा तो चालू करून निघून जाऊ नका. एक संध्याकाळ शेजारी बसा. चिन्हं डावीकडं नेऊन द्या, अक्षरं मोठी करून द्या. मग एक कागद घ्या आणि त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात लिहा: बंद कसा करायचा, फोटो कुठं असतात, मराठी करायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबायचा. लिहायचं काम त्यांनाच करू द्या, तुम्ही सांगा. कागद पडद्याशेजारी चिकटवा, त्याचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की तुमच्या आणि त्यांच्या समोर एकच पान असेल.